कोड्यांची उकल आणि हिशेबाची शिस्त

बँकांचे व्यवहार संगणकावर येण्यापूर्वी सायंकाळी ग्राहकांसाठीचे दार बंद झाले की शाखेत खऱ्या अर्थाने कसोटीची वेळ सुरू होई. दिवसभरातील नोंदींच्या नावे आणि जमा या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय कोणाचाही पाय घराकडे वळत नसे. समजा, एखाद्या दिवशी दोन्ही बाजूंत ५४० रुपयांचा फरक आला. नवखा कर्मचारी पहिल्या व्हाउचरपासून सर्व नोंदी पुन्हा तपासू लागे. अनुभवी लेखापाल मात्र प्रथम कागदाच्या कोपऱ्यात दोन छोटी गणिते मांडी. ५४० चे निम्मे २७०, आणि ५४० भागिले ९ बरोबर ६०, बाकी शून्य. त्यानंतर तो केवळ दोन प्रकारच्या नोंदी शोधी आणि पुष्कळदा चूक थोड्याच वेळात हाती लागे.

हे दोन भागाकार कशासाठी, याचा उलगडा पुढे होईलच. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, त्या लेखापालाने कोणतेही अवघड सूत्र वापरलेले नसते. काम सुरू करण्यापूर्वी त्याने स्वतःला योग्य प्रश्न विचारलेला असतो. गणिताची आणि भौतिकशास्त्राची मनोरंजक कोडी सोडविण्याची रीतही नेमकी हीच आहे. शालेय शिक्षणापलीकडचे ज्ञान त्यांना लागत नाही. लागतो तो योग्य प्रश्न. अशा प्रश्नांची सवय जडली तर ती केवळ रिकाम्या वेळेची करमणूक राहत नाही, तर कष्टाने मिळविलेल्या पैशाचे रक्षणही करते. काही प्रसिद्ध कोड्यांच्या आधारे या रीतीचा येथे परिचय करून घेऊ.

पहिला प्रश्न : कोठून आले, कोठे गेले?

तीन प्रवासी एका लॉजमध्ये उतरतात. खोलीचे भाडे ३० रुपये म्हणून प्रत्येकजण १० रुपये देतो. थोड्या वेळाने व्यवस्थापकाच्या ध्यानात येते की, त्या खोलीचे भाडे २५ रुपयेच आहे. तो ५ रुपये परत देण्यासाठी नोकराकडे सोपवितो. पाच रुपये तिघांत सारखे वाटता येत नाहीत, म्हणून नोकर २ रुपये स्वतःच्या खिशात टाकतो आणि प्रत्येकाला १ रुपया परत करतो. म्हणजे प्रत्येकाने ९ रुपये दिले. तिघांचे झाले २७. नोकराकडे २. एकूण २९. मग तिसावा रुपया कोठे गेला?

हे कोडे प्रथमच ऐकणारा मनुष्य हमखास गोंधळतो. रुपया हरवला कोठे, याचा शोध तो घेऊ लागतो आणि तेथेच फसतो. वस्तुतः रुपया हरवलेलाच नाही; बेरीज चुकीची आहे. प्रवाशांच्या खिशातून गेलेले २७ रुपये ही एक बाजू. ते पोहोचले कोठे, ही दुसरी बाजू : २५ रुपये गल्ल्यात आणि २ रुपये नोकराच्या खिशात. २७ बरोबर २५ अधिक २. दोन्ही बाजू जुळल्या. नोकराचे २ रुपये २७ मध्ये अगोदरच समाविष्ट आहेत. ते पुन्हा २७ मध्ये मिळविणे म्हणजे नावे बाजूची रक्कम जमा बाजूच्या रकमेत मिळविण्यासारखे आहे. ३० चाच हिशेब हवा असेल, तर गल्ल्यात २५, नोकराकडे २ आणि प्रवाशांकडे परत आलेले ३, असा मांडावा लागेल.

द्विनोंदी पद्धतीचे मर्म याच प्रश्नात आहे. पैसा कोठून आला आणि कोठे गेला, हे दोन स्वतंत्र रकान्यांत लिहिले की शब्दांची जादू संपते. ‘इतकी खरेदी करा, इतके वाचवा आणि शिवाय इतके कमवा’ अशी जाहिरात दिसली की ग्राहकाने कागदावर दोन रकाने आखावेत. ‘वाचलेले’ पैसे ‘मिळालेल्या’ पैशांत मिसळले गेले आहेत काय, हे तत्काळ उघड होते.

दुसरा प्रश्न : काय बदललेले नाही?

एका पेल्यात दूध आणि तेवढ्याच मापाच्या दुसऱ्या पेल्यात पाणी आहे. दुधातील एक चमचा पाण्यात टाकला आणि ढवळले. मग त्या मिश्रणातील एक चमचा पुन्हा दुधात टाकला. आता दुधात मिसळलेले पाणी अधिक की पाण्यात मिसळलेले दूध अधिक?

पुष्कळांना वाटते, पहिला चमचा शुद्ध दुधाचा होता, दुसरा मिश्रणाचा. तेव्हा पाण्यातील दूधच अधिक असणार. काहीजण अपूर्णांक मांडू लागतात. परंतु अपूर्णांकांची गरजच नाही. अखेरीस दोन्ही पेल्यांतील पातळी पूर्वीइतकीच आहे, ही एकच गोष्ट पुरेशी आहे. दुधाच्या पेल्यातून जेवढे दूध कायमचे बाहेर गेले, तेवढीच जागा पाण्याने भरून काढली. म्हणून दोन्ही प्रमाणे तंतोतंत समान. आणखी गंमत अशी की, मिश्रण नीट ढवळले गेले नसले तरी उत्तर तेच राहते.

हे पटत नसेल, तर नोटांचे उदाहरण घ्यावे. एका पेटीत १०० रुपयांच्या २०० नोटा आणि दुसऱ्या पेटीत ५० रुपयांच्या २०० नोटा आहेत. पहिलीतून २० नोटा दुसरीत टाकल्या, त्या पिसल्या आणि कोणत्याही २० नोटा परत पहिलीत टाकल्या. दोन्ही पेट्यांत पुन्हा २००-२०० नोटा आहेत. पहिलीत पन्नासच्या १७ नोटा आल्या असतील, तर शंभरच्या १७ नोटा दुसरीतच असल्या पाहिजेत. अन्यथा संख्या जुळणार नाही. मधल्या घडामोडी कितीही गुंतागुंतीच्या असोत, जे स्थिर राहते त्याला घट्ट धरून ठेवले की उत्तर आपोआप हाती येते.

तिसरा प्रश्न : टोकाच्या स्थितीत काय होईल?

आता भौतिकशास्त्राकडे वळू. एका लहान तळ्यात होडी तरंगत असून होडीत मोठा दगड आहे. नावाड्याने तो दगड पाण्यात टाकला आणि तो तळाशी गेला. तळ्यातील पाण्याची पातळी वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील?

येथे प्रथम कल्पनेनेच टोकाला जाऊन पाहावे. दगडाऐवजी मुठीत मावेल एवढी, परंतु कमालीची जड वस्तू होडीत आहे, असे समजू. तिच्या भाराने होडी खोल दबली आहे आणि पुष्कळ पाणी बाजूला सारले गेले आहे. ती वस्तू पाण्यात टाकली की होडी वर उचलली जाईल. तळाशी गेलेली वस्तू मात्र केवळ मूठभर जागा व्यापील. म्हणजे पातळी खाली जाणार, हे डोळ्यांपुढे स्पष्ट उभे राहते.

आता आकडे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, तर बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाइतके. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने मांडलेला सिद्धांत तो हाच. दगडाचे वजन २५ किलो आणि आकारमान १० लिटर असेल, तर होडीत असताना त्याच्यामुळे २५ लिटर पाणी बाजूला सारले जात होते, तळाशी गेल्यावर केवळ १० लिटर. १५ लिटरचा फरक पडला, म्हणून पातळी कमी झाली. दगडाऐवजी लाकडाचा ओंडका टाकला असता, तर तो तरंगतच राहिला असता आणि पातळीत काहीही फरक पडला नसता.

चौथा प्रश्न : नेमके मोजायचे काय?

विम्बल्डनच्या एकेरी स्पर्धेत १२८ खेळाडू असतात. हरलेला खेळाडू बाद होतो. विजेता ठरेपर्यंत एकूण सामने किती? पहिल्या फेरीत ६४, मग ३२, १६, ८, ४, २ आणि १ अशी बेरीज केली तर १२७ हे उत्तर मिळते. तथापि सामने मोजण्याऐवजी हरणारे मोजले तर? प्रत्येक सामन्यात एकजण बाद होतो आणि अखेरीस एकच उरतो. १२७ जण बाद होण्यासाठी १२७ सामने. खेळाडू ११७ असते, तर फेऱ्यांचा हिशेब किचकट झाला असता. या दुसऱ्या रीतीने मात्र ११६ हे उत्तर क्षणात मिळते.

मोजणीची बाजू बदलण्याची दुसरी सुप्रसिद्ध कथा जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस (१७७७–१८५५) याच्या बालपणाची सांगितली जाते. १ ते १०० या संख्यांची बेरीज करण्यास शिक्षकांनी सांगितले, तेव्हा त्याने १ आणि १००, २ आणि ९९, ३ आणि ९८ अशा जोड्या लावल्या. प्रत्येक जोडी १०१ ची, जोड्या ५०. म्हणून बेरीज ५,०५०.

गाउसची ही जोडी लावण्याची युक्ती कर्जदाराच्या थेट उपयोगाची आहे. एका व्यक्तीने १,२०,००० रुपयांचे कर्ज एक वर्षासाठी घेतले असून दरमहा १०,००० रुपये मुद्दल फेडावयाचे आहे. कर्ज देणारा सांगतो, ‘व्याज अवघे १० टक्के, फ्लॅट दराने.’ म्हणजे संपूर्ण रकमेवर वर्षाचे १२,००० रुपये. परंतु कर्जदाराकडे १,२०,००० रुपये वर्षभर राहतात काय? पहिल्या महिन्यात १,२०,०००, दुसऱ्यात १,१०,०००, असे उतरत बाराव्या महिन्यात केवळ १०,००० रुपये त्याच्याकडे उरतात. १२ पासून १ पर्यंतच्या संख्यांच्या जोड्या लावल्या, तर १३ च्या ६ जोड्या म्हणजे ७८ मिळतात. ७८ ला १०,००० ने गुणून १२ महिन्यांनी भागले की, वर्षभर सरासरीने वापरलेली रक्कम निघते ६५,००० रुपये. ६५,००० रुपयांच्या वापरासाठी १२,००० रुपये व्याज, म्हणजे सुमारे साडेअठरा टक्के! घटत्या शिलकेवर खरोखरच १० टक्के आकारले असते, तर व्याज ६,५०० रुपये झाले असते. मुद्दल आणि व्याज मिळून समान मासिक हप्ता असेल, तर खरा दर किंचित बदलून १८ टक्क्यांच्या जवळपास येतो. निष्कर्ष मात्र तोच.

कर्जाचा हा खरा भार ग्राहकास कळावा, यासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये सूचना दिल्या. त्यांनुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तिगत ग्राहकांच्या तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ हे माहितीपत्रक देणे आवश्यक झाले. व्याज व इतर आकार मिळून होणारा वार्षिक टक्केवारी दर त्यात नमूद असतो. स्वाक्षरी करण्यापूर्वी ग्राहकाने त्याच आकड्यावर बोट ठेवून पाहावे.

पाचवा प्रश्न : हे खरे मानले तर पुढे काय?

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने खाली पडते, असे ॲरिस्टॉटलच्या काळापासून मानले जात होते. १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन नव्या विज्ञानांविषयीच्या संवादग्रंथात गॅलिलिओने हे मत क्षणभर खरे मानले. मग विचारले : जड दगडाला हलका दगड बांधला तर काय होईल? हलका दगड सावकाश पडणारा, म्हणून तो जड दगडाला मागे ओढील. जोडी जड दगडाहून सावकाश पडेल. परंतु जोडीचे एकूण वजन तर जड दगडाहून अधिक. म्हणून ती अधिक वेगाने पडली पाहिजे. एकाच गृहीतातून परस्परविरोधी दोन उत्तरे निघाली, म्हणजे गृहीतच चुकीचे. हवेचा अडथळा नसेल, तर सर्व वस्तू सारख्याच वेगाने पडतात. १९७१ मध्ये अपोलो-१५ मोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले, तेव्हा दोन्ही एकदमच खाली पोहोचल्याचे जगाने पाहिले.

‘खरे मानून पाहा’ ही रीत साखळी योजनांना लावून पाहावी. ‘प्रत्येकाने केवळ सहा सभासद आणावयाचे, मग उत्पन्न घरबसल्या सुरू’ असे आश्वासन दिले जाते. ते खरे मानू. पहिल्या पायरीवर ६, दुसऱ्यावर ३६, तिसऱ्यावर २१६. बाराव्या पायरीवर ही संख्या २१७ कोटींहून अधिक होते. भारताची लोकसंख्या दीडशे कोटींहूनही कमी आहे. तेराव्या पायरीवर १,३०६ कोटी सभासद लागतात. एवढी माणसे पृथ्वीवरच नाहीत. म्हणजे साखळी तुटणार, हे पहिल्याच दिवशी निश्चित आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की ती तुटेल तेव्हा नुकसान कोणाचे?

तेही मोजता येते. आरंभीचा १ आणि त्याचे ६ मिळून ७. त्यांच्यानंतरची पायरी ३६ ची, म्हणजे सातच्या पाचपट अधिक एक. आता एकूण ४३. पुढची पायरी २१६ ची, म्हणजे त्रेचाळीसच्या पाचपट अधिक एक. साखळी पूर्ण भरत गेली, तर ती कोठेही थांबो, शेवटच्या पायरीवरील माणसे त्यापूर्वीच्या सर्वांच्या पाचपटीहून एकने अधिक असतात. म्हणजे दर सहा सभासदांपैकी सुमारे पाचजण असे, की ज्यांच्या खाली कोणीही नाही आणि ज्यांचे पैसे वरच्यांच्या खिशात गेले आहेत. योजनेत पैसा नव्याने निर्माण होत नाही, केवळ हात बदलतो. अशा पैसा-फिरवणूक योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तरीही नवी नावे धारण करून त्या परत येतात आणि ओळखीच्या, विश्वासातील माणसाच्या तोंडून येतात. म्हणूनच कायद्याच्या जोडीला सहाचा पाढाही हाताशी असावा.

नऊचा भागाकार

आता आरंभीच्या ५४० रुपयांकडे. एखादी रक्कम जमेऐवजी नावे बाजूस लिहिली गेली, तर एका बाजूस ती कमी पडते आणि दुसऱ्या बाजूस तेवढीच वाढते. फरक दुप्पट येतो. म्हणून लेखापाल प्रथम २७० रुपयांची नोंद शोधतो. दुसरी नेहमीची चूक अंकांच्या अदलाबदलीची. दशकस्थानी ८ आणि एककस्थानी २ असलेली संख्या ८२. उलट लिहिली की २८. फरक ५४. दोन अंक उलटसुलट झाले की एका अंकाचे मूल्य दहापट होते आणि दुसऱ्याचे एक दशांश. त्यामुळे फरक नेहमी त्या अंकांच्या वजाबाकीच्या नऊपट येतो. हीच अदलाबदल शतक व दशक स्थानी झाली, तर नव्वदपट. ५४० भागिले ९० बरोबर ६. तेव्हा ज्या रकमेत शतक आणि दशक स्थानच्या अंकांत ६ चे अंतर आहे, अशी नोंद पाहावयाची. २,८२० ऐवजी २,२८० लिहिले गेलेले आढळते आणि शाखेचे दिवे मालवले जातात.

याच नऊच्या गुणधर्माशी नाशिकजवळच्या देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे नाव निगडित आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. अधिकाधिक सात वेळांत ६१७४ ही संख्या येते आणि मग तीच येत राहते. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७; ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२; ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. मधली प्रत्येक वजाबाकी नऊने निःशेष भागली जाते, कारण ती त्याच अंकांच्या अदलाबदलीतून आलेली असते. ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ही संख्या जगभर ओळखली जाते. त्या शोधासाठी वजाबाकीखेरीज कोणतेही साधन लागलेले नाही.

आज खात्यांची बेरीज संगणक करतो आणि ती चुकत नाही. परंतु त्याला कोणता प्रश्न विचारावयाचा, हे माणसालाच ठरवावे लागते. कर्जाच्या कागदावर किंवा आकर्षक योजनेखाली स्वाक्षरी करण्याच्या क्षणी ग्राहक एकटाच असतो. त्या वेळी सूत्र आठवले नाही तरी चालेल. पैसा कोठून आला, कोठे गेला, काय बदलले नाही, टोकाला काय होईल, नेमके काय मोजायचे आणि हे खरे मानले तर पुढे काय, एवढे प्रश्न आठवले तरी पुरे आहे.

स्वाध्याय

१. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ (इ.स. ११५०) या ग्रंथातील एक प्रश्न असा : ९ हात उंचीच्या खांबावर मोर बसला असून खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे. २७ हात अंतरावरून साप बिळाकडे येत असता मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले असेल, तर बिळापासून किती अंतरावर साप पकडला गेला?

२. तळ्यातील जलपर्णी रोज दुप्पट होते. ३० व्या दिवशी संपूर्ण तळे झाकले जाते. अर्धे तळे कोणत्या दिवशी झाकलेले होते?

३. पेल्यातील पाण्यात बर्फाचा खडा तरंगत असून त्यात लोखंडी खिळा गोठलेला आहे. बर्फ वितळल्यावर पातळीचे काय होईल?

४. तेरजेत ६३ रुपयांचा फरक आला. लेखापालाने काय शोधावे?

उत्तरे

१. १२ हात. मोराची झेप हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण आणि बिळापासूनचे अंतर ही त्याची एक बाजू. दोहोंची बेरीज २७. त्यांच्या वर्गांतील फरक ८१, म्हणून त्यांच्यातील फरक ८१ भागिले २७ म्हणजे ३. कर्ण १५, बाजू १२.

२. २९ व्या दिवशी. एकोणतीस दिवस ‘अजून निम्मी जागा मोकळी आहे’ असे म्हणता येते, हेच दुपटीच्या वाढीचे संकट होय.

३. पातळी कमी होईल. खिळा हा होडीतील दगडच आहे.

४. ६३ ही विषम संख्या असल्याने पूर्ण रुपयांतील रक्कम चुकीच्या बाजूस गेल्याची शक्यता नाही. ६३ भागिले ९ बरोबर ७; तेव्हा दशक व एकक स्थानच्या अंकांत ७ चे अंतर असलेली, उलट लिहिली गेलेली रक्कम शोधावी. उदाहरणार्थ, ८१ ऐवजी १८.